मेणवलीची घंटा आणि दोन अभ्यासक्रम

पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले तेव्हा मोठीने मला कपाटासमोर उभं केलं आणि म्हणाली, "मावशी, मोजा." इतिहासाची एकोणतीस पुस्तकं निघाली. तिची आई ओशाळून हसली. "पुस्तकांना तोटा नाही हो ताई. पण सात महिने झाले, आणि ह्यांच्या डोक्यात नुसती खिचडी झालीय."

कुटुंब पुण्यातलं. सहा वर्षं न्यू जर्सीत काढून परत आलेलं. मुलगी अकरा वर्षांची, मुलगा आठ. दोघांना शाळेत घातलेलं नाही, आई घरीच शिकवते. वडील आयटीत. आजोबा टपाल खात्यातून निवृत्त, आणि वाचनाचे पक्के. मी बावीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, म्हणून मैत्रिणीमार्फत मला बोलावणं आलं. सल्ला एका संध्याकाळचा द्यायचा होता, पण दहा महिने जात राहिले. हे टिपण त्या दहा महिन्यांचं आहे.

कपाटात चार घराणी नांदत होती. पहिलं, तिकडून खोक्यांत भरून आणलेला जगाच्या इतिहासाचा अमेरिकी संच. चार भाग, चार वर्षं, आदिमानवापासून आजपर्यंत सरळ क्रमाने. सोबत नकाशे आणि कातरकामाच्या वह्या. मुलांचा तिसरा भाग चालू होता, म्हणजे साधारण १६०० पासून पुढचा. दुसरं घराणं बालभारतीचं: चौथीचं 'शिवछत्रपती' आणि पाचवी ते आठवीची इतिहासाची पुस्तकं. तिसरी जिवंत पुस्तकांची एक लांबलचक यादी आणि त्यातली विकत घेतलेली नऊ-दहा पुस्तकं, सगळी इंग्रजी. आणि चौथ्या घराण्यात आजोबांच्या ऐतिहासिक कादंबऱ्या. काहींचे पुठ्ठे सुटलेले, पण त्यांना हात लावताना आजोबांना विचारावं लागे.

'जिवंत पुस्तक' हा शब्द ज्यांनी ऐकला नसेल त्यांच्यासाठी थोडं. शार्लट मेसन (१८४२–१९२३) या इंग्लंडमधल्या शिक्षणतज्ज्ञ बाईंची ही कल्पना. अँबलसाइड नावाच्या गावात त्यांनी घरी शिकवणाऱ्या बायकांसाठी प्रशिक्षण संस्था काढली होती. विषयावर जीव असलेल्या एका माणसाने लिहिलेलं, गोष्टीसारखं वाचता येणारं पुस्तक घ्यायचं, थोडं वाचायचं, एकदाच वाचायचं, आणि मग मुलाने ते आपल्या शब्दांत सांगायचं. प्रश्नोत्तरं नाहीत, गाळलेल्या जागा नाहीत. सोबत एक 'शतकांची वही': एका शतकाला समोरासमोरची दोन पानं, त्यात मूल स्वतः चित्रं काढतं, नोंदी करतं. आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर नेहरूंनी १९३० ते १९३३ या काळात तुरुंगातून इंदिरेला लिहिलेली १९६ पत्रं. हाताशी ग्रंथालय नाही, समोर वर्ग नाही, एक बाप मुलीला जगाचा इतिहास सांगतोय. घरशाळेचा याहून चोख नमुना मला तरी माहीत नाही.

या घराचं वेळापत्रक मात्र असं होतं: सोमवार-बुधवार अमेरिकी संच, मंगळवार-गुरुवार बालभारती, शुक्रवारी जिवंत पुस्तक, आणि रात्री झोपताना आजोबांची कादंबरी. कागदावर झकास. मी मोठीला विचारलं, फ्रान्सचा चौदावा लुई कधीचा? तिने व्हर्साय, आरसेमहाल, केसांचे टोप, सगळं सांगितलं. मग विचारलं, शिवाजी महाराज? तेही धडाधड. म्हटलं, दोघे एकाच काळातले, माहीत आहे ना? तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिची थट्टा करतेय. लुई गादीवर आला १६४३ मध्ये, गेला १७१५ मध्ये. महाराजांचा सगळा कारभार त्याच्या कारकिर्दीच्या पोटात बसतो. पण मुलीच्या मनात लुई सोमवारी राहत होता आणि महाराज मंगळवारी.

इथे मी पहिली चूक केली. शिक्षकी खाक्याने म्हटलं, परदेशी संच बासनात बांधा, बालभारती मुख्य धरा, बाकी सगळं तोंडी लावायला. तीन आठवड्यांत ते फसलं. बालभारतीच्या पुस्तकांना लोक नावं ठेवतात, पण ती त्याहून बरी आहेत. नकाशे चांगले, भाषा सरळ, पीडीएफ फुकट. पण त्यांचा क्रम शाळेच्या इयत्तांचा आहे. चौथीत महाराज, पाचवीत एकदम मागे अश्मयुगात, सहावीत प्राचीन भारत, सातवीत पुन्हा मराठे, आठवीत इंग्रज आणि स्वातंत्र्यलढा. एकाच वर्गात चाळीस एकाच वयाची मुलं असतात तेव्हा हे खपतं. एका घरात अकरा वर्षांची ताई आणि आठ वर्षांचा भाऊ असले, की ताई पानिपतावर आणि भाऊ दगडी हत्यारांवर, आणि आई दोन्हीकडे धावतेय. शिवाय ही पुस्तकं आखडून लिहिलेली. दोन ओळींत एक लढाई आटोपते. मोठ्याने वाचायला घेतलं की धाकटा दुसऱ्याच परिच्छेदाला पंख्याकडे बघायला लागे. त्याने एकदा सांगितलेला सारांश मी जसाच्या तसा उतरवून ठेवलाय: "खूप लोक आले आणि मग तह झाला."

डिसेंबरात सगळेजण वाईला लग्नाला गेले होते. मीही होते. दुसऱ्या दिवशी वेळ होता म्हणून मेणवलीला गेलो. नाना फडणवीसांचा वाडा आणि त्यामागचा कृष्णेवरचा घाट. घाटावर एक मोठी घंटा टांगलेली आहे. धाकटा वाजवायला धावला. मोठी जवळ जाऊन बघत बसली, कारण घंटेवर देवळात शोभणार नाही असं काहीतरी होतं. मेरी आणि तिच्या कडेवर बाळ येशू. खाली साल, १७०७.

"ही चर्चची आहे?"

पोर्तुगिजांची. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तेव्हा तिकडच्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी उतरवून आणल्या आणि देवळादेवळांतून बांधल्या. ही त्यातलीच मानतात.

ती थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "१७०७ मध्ये औरंगजेब मेला ना?" आणि लगेच, "म्हणजे ही घंटा ओतली तेव्हा औरंगजेब मरत होता, आणि लुई म्हातारा होता, आणि नाना फडणवीस जन्मलेपण नव्हते." नानांचा जन्म १७४२ चा. हिशेब बरोबर होता. सात महिने एकोणतीस पुस्तकांनी जे झालं नाही ते एका घंटेने पाच मिनिटांत केलं, असं लिहायचा मोह होतो, पण ते खरं नाही. लुई, औरंगजेब आणि वसई ही तिन्ही नावं तिच्याकडे आधीच होती. वेगवेगळ्या वारांच्या खणांत पडली होती, एवढंच.

परतीच्या वाटेवर गाडीत आईशी बोलणं झालं आणि नवी मांडणी ठरली. घड्याळ एकच ठेवायचं. ते अमेरिकी संचाचं ठेवायचं, कारण तोच काय तो सरळ काळाच्या क्रमाने जातो आणि दोन्ही मुलं एकाच शतकात राहतात. पण त्याची प्रकरणं सगळी वाचायची नाहीत. निम्मी सोडायची. इंग्लंडच्या गादीवर कोण बसलं आणि कोण उतरलं याची तीन प्रकरणं पुण्यातल्या मुलांनी एका दुपारी आईच्या तोंडून ऐकली तरी पुरे. बालभारती उरली पडताळ्यासाठी. प्रकरण संपलं की मोठीने आठवीचं किंवा सातवीचं पुस्तक उघडून बघायचं, यात काय आहे, आपल्या वहीत काय नाही.

आणि जिवंत पुस्तकं फक्त सांध्यांवर. सांधा म्हणजे जिथे तिकडचा इतिहास आणि इकडचा इतिहास खरोखर एकमेकांना भिडलाय ती जागा. ओढूनताणून जोडलेली नाही. अशा जागा शोधायला मला एक रविवार लागला आणि मजा आली. आफ्रिकेतल्या गुलामांच्या व्यापाराचं प्रकरण आलं की मलिक अंबर: हबसाणातून गुलाम म्हणून विकला गेलेला पोरगा, निजामशाहीचा कारभारी होतो, खडकी (आजचं छत्रपती संभाजीनगर) वसवतो, मुघलांना गनिमी काव्याने हैराण करतो, १६२६ मध्ये मरतो. अटलांटिकच्या जहाजांबद्दल वाचताना मुलांना वाटत होतं की गुलाम नेहमी पश्चिमेकडेच जात. तो समज तिथे मोडला. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सचं लग्न आलं की मुंबई, कारण १६६१ च्या त्या करारात बेट हुंड्यात गेलं. ईस्ट इंडिया कंपनी आली की रायगड, कारण १६७४ च्या राज्याभिषेकाला कंपनीचा हेन्री ऑक्झिंडन हजर होता. युरोपातलं सप्तवार्षिक युद्ध १७५६ ते १७६३, मधोमध पानिपत. असे चौदा सांधे निघाले. वर्षाला चौदा पुरतात.

आता कादंबऱ्यांचं. हे मला जास्त अवघड गेलं, कारण त्यात आजोबा होते.

मराठी घरात जिवंत पुस्तक शोधायला निघालं की हात आपसूक ऐतिहासिक कादंबरीकडे जातो. आपल्याकडे ती परंपरा दांडगी. गुंजीकरांच्या 'मोचनगड'पासून सुरू होते, हरिभाऊ आपट्यांच्या हातात बहरते, आणि गोनीदांच्या 'बया दार उघड', 'झुंजार माची' यांसारख्या शिवकालावरच्या पाच कादंबऱ्या तर मी स्वतः लहानपणी पारायणं केल्यासारख्या वाचल्यात. मातीचा वास येतो. पण मुलाला त्या ऐकवल्या आणि मग 'सांग' म्हटलं, की मूल संवादही इतिहास म्हणून सांगतं. मोठीने कोंढाण्याची लढाई सांगितली ती अशी: घोरपडीला दोर बांधला, तानाजी चढला, पडला, सूर्याजीने दोर कापले, आणि महाराज म्हणाले, गड आला पण सिंह गेला, म्हणून गडाचं नाव सिंहगड. आजोबांचे डोळे पाणावले. छान सांगितलंच होतं तिने.

मी पुढच्या वेळी सभासदाची बखर नेली. कृष्णाजी अनंत सभासद, महाराजांच्या दरबारात वावरलेला माणूस, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून जिंजीला बसून लिहितो. त्यातला तानाजीचा उतारा पानभराचाच आहे. आजोबांनीच वाचला. त्यात घोरपड नाही. मावळे कड्यावरून वानरासारखे चढतात. आणि शेवटी महाराज म्हणतात ते असं की एक गड घेतला, पण एक गड गेला. सिंह नाही.

मोठी म्हणाली, "मग सिंह कुठून आला?"

मी सांगितलं की सिंहगड हे नाव १६७० च्या लढाईआधीच्या कागदांतही सापडतं. म्हणजे नाव तानाजीमुळे पडलं ही गोष्ट मागाहून जुळली. आजोबा पुस्तक मिटून म्हणाले, "आमच्या शाळेत हे असंच शिकवलं होतं. सगळं खोटं म्हणायचं का आता?" खोलीत जरा अवघडलेपण आलं. मी म्हटलं, "आजोबा, तानाजी गेला हे सभासदही सांगतो आणि महाराज कष्टी झाले हेही सांगतो. त्यात काय खोटं?" ते काही बोलले नाहीत. चहा झाल्यावर त्यांनी स्वतःच उतारा पुन्हा वाचून काढला, या वेळी मनातल्या मनात.

वहीचा नियम त्या दिवशी मोठीने काढला, मी नाही. कादंबरीतून किंवा ऐकीव गोष्टीतून कळलेलं पेन्सिलीने लिहायचं. बखरीतलं, पत्रातलं, वस्तूवर पाहिलेलं शाईने. घोरपड पेन्सिलीत गेली. धाकट्याने ती सतराव्या शतकाच्या पानावर एवढी मोठी काढली की तिच्या शेपटीखाली आग्र्याहून सुटका दडली आहे. खोडायला तो तयार नाही. मला विचाराल तर पेन्सिल-शाईचा हा भेद माझ्या बावीस वर्षांच्या नोकरीत मी एकाही वर्गाला शिकवला नव्हता. परीक्षेत त्याला गुण नव्हते. (बखरसुद्धा शाईने का, हा प्रश्न तिने अजून विचारलेला नाही. विचारेल. ऐन प्रसंगाचं पत्र आणि वीस-पंचवीस वर्षांनी आठवून लिहिलेली बखर एकाच पारड्यात बसत नाहीत. तेव्हा दुसऱ्या रंगाची शाई आणावी लागेल.)

भाषेची अडचण वेगळी. मोठी इंग्रजी झपाझप वाचते आणि मराठी ओळीखाली बोट ठेवून. त्यामुळे तिच्या हातात जे जिवंत पुस्तक पडे ते इंग्रजीच, आणि ते मग इंग्लंड-अमेरिकेचंच. इकडचं सगळं पाठ्यपुस्तकातलं, रुक्ष. नकळत पारडं झुकत होतं, तिकडचा इतिहास गोष्टीचा आणि आपला घोकंपट्टीचा. यावर उपाय साधा निघाला. मराठी पुस्तक मुलांनी वाचायचं नाही, आजोबांनी वाचायचं. पंधरा मिनिटं, जेवणाआधी. सांगणं मराठीत, तोंडी. वहीत लिहिताना जी भाषा हाताला येईल ती. सभासदाच्या भाषेला मुलं बिचकतील असं आईला वाटत होतं. महिन्याभरात धाकटा "आज भूक बहुत जाहली" म्हणत स्वयंपाकघरात येऊ लागला.

मुलांच्याच वयाच्या कुणी लिहिलेलं काही हवं होतं. मुक्ता साळवेचा १८५५ चा निबंध काढला. ज्योतिबा-सावित्रीबाईंच्या शाळेतली, चौदाच्या आसपासची मातंग समाजातली मुलगी, मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिते आणि थेट विचारते की आमचा धर्म कोणता. मोठीला तो एका बैठकीत ऐकवला. त्यानंतर तिने काहीच सांगितलं नाही. मेसनबाईंच्या नियमाप्रमाणे सांगायला हवं होतं. मी आग्रह धरला नाही. दोन दिवसांनी वहीत एकोणिसाव्या शतकाच्या पानावर शाईने एकच ओळ दिसली: "ती माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी होती."

त्याच पानावर पुढे सगळ्यात नेमका सांधा आला. अमेरिकी संचात यादवी युद्ध आणि गुलामगिरीचा अंत यांना ऐसपैस जागा आहे, ते साहजिक. मुलांनी तिथल्या शाळेत आणि संग्रहालयांत लिंकन पाहिलाच होता. मग मी फुल्यांची 'गुलामगिरी' पुढे ठेवली. १८७३ चं पुस्तक, आणि त्याची अर्पणपत्रिका अमेरिकेतल्या लोकांना, तिथल्या गुलामांना मोकळं करण्यासाठी त्यांनी जो त्याग केला त्याबद्दल. बाप त्या दिवशी घरूनच काम करत होता. हेडफोन काढून तो दारात उभा राहिला. "हे आम्हाला कधी कुणी सांगितलं नाही," म्हणाला. तो पुण्यातच वाढलेला, फुलेवाड्यापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर.

त्याची स्वतःची काळजी निराळी होती, आणि ती रास्त आहे. परीक्षेचं काय? मुलांना चौदा पूर्ण झाल्यावर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून (एनआयओएस) दहावीला बसवायचं त्यांनी ठरवलंय. तिथे सामाजिक शास्त्रात इतिहास येतो, सोबत भूगोल आणि नागरिकशास्त्र. मी एवढंच म्हटलं की तेराव्या वर्षापासून आठवड्यातले दोन तास त्या पुस्तकाला द्या, उत्तरं कशी लिहायची ते तेव्हा शिकवू. आत्तापासून तो जू मानेवर ठेवायची गरज नाही. त्याचं पूर्ण समाधान झालंय असं वाटत नाही. मधूनमधून तो मुलांना सनावळ्या विचारतो, आणि मोठी त्या बऱ्याचदा बरोबर सांगते, तेव्हा तो आठवडाभर गप्प बसतो.

जे जमलं नाही तेही सांगते. धाकट्याचा पहिला भाग अमेरिकेत घाईत झाला होता. त्यामुळे त्याला इजिप्तचे पिरॅमिड ठाऊक आहेत, हडप्पा फक्त ऐकून. घोड नदीकाठचं इनामगाव पुण्यापासून गाडीने दोन-अडीच तासांवर, तिथे साडेतीन हजार वर्षांपूर्वी लोक शेती करून राहत होते, आणि त्याला ते नावही माहीत नाही. ते पुढच्या फेरीत. कातरकामाच्या वह्या आम्ही जवळपास टाकून दिल्या. आईला अजून पैशांची हळहळ आहे. विकत घेतलेल्या इंग्रजी जिवंत पुस्तकांपैकी तीनच टिकली. बाकीच्यांत लेखकाचा जीव विषयापेक्षा उपदेशावर जास्त होता. आणि चौदा सांध्यांपैकी चार गळाले. पानिपत आणि सप्तवार्षिक युद्ध यांचा तर कागदावर सुंदर दिसणारा मेळ मुलांना शेवटपर्यंत पटला नाही. "नुसती तारीख सारखी आहे, मावशी," मोठी म्हणाली. बरोबर होतं तिचं. तो सांधा मीच ओढूनताणून जोडला होता.

सध्या आजोबा 'माझा प्रवास' वाचून दाखवतायत. पेणजवळच्या वरसईचे गोडसे भटजी, कर्ज झालं म्हणून दक्षिणा मिळवायला १८५७ मध्ये उत्तरेत निघाले आणि थेट बंडात सापडले. झाशीला वेढा पडला तेव्हा ते शहरातच होते. कत्तलीची पानं आजोबा गाळतात, आणि गाळली की मोठीला कळतं, कारण ते घसा खाकरतात. परवा तिने सरळ विचारलं, "आजोबा, तिथे काय होतं?" ते माझ्याकडे बघायला लागले. मी आईकडे बघितलं. आईने जरा विचार करून मान हलवली, धाकट्याला आत झोपायला पाठवलं, आणि आजोबांनी दोन पानं मागे उलटली.